सुरूच्या बोंडांचा कचरा

सिडनीत राहणाऱ्याला कॉकाटूचं, म्हणजे तुरेवाल्या पोपटाचं, काय कौतुक? पिवळ्या तुऱ्याचे पांढरे कॉकाटू आमच्या गल्लीत कचऱ्याच्या डब्यांची झाकणं चोचीने उचलतात आणि पहाटे कर्कश ओरडून सगळ्यांना उठवतात. पण लग्नांचे फोटो काढून पोट भरणाऱ्या मला एका माहितीफलकासाठी जो पक्षी टिपायचा होता, तो ग्लॉसी ब्लॅक कॉकाटू. गुपचूप खाणारा, आणि 2022 पासून ऑस्ट्रेलियाच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदलेला.

मे महिन्यात सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स डोंगरांत गेलो. सोबत पक्षी मोजणाऱ्या एक आजी होत्या. दोन तास मी मान वर करून फिरलो, हाती शून्य. शेवटी त्या म्हणाल्या, "वर काय बघतोयस? खाली बघ."

खाली कचरा होता. झाडं पाहिली आणि थबकलोच, ही तर आपल्या दिवेआगरच्या सुरूची भावंडं! तेच सुईसारखे हिरवे धागे, तीच खरखरीत बोंडं. फक्त ही बोंडं कुरतडून चिंध्या केलेली. आजींनी एक तुकडा उचलून नखाने खरवडला. "जुना असता तर करडा पडला असता. हा पांढुरका आहे, म्हणजे ताजा." मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आता ऐकू आलं: कट्, कट्, कट्. कोणी सुपारी कातरत बसावं तसं.

डोक्यावर जेमतेम पाच मीटरवर तिघं बसली होती. नर, मादी आणि पिल्लू. मादीच्या डोक्यावर पिवळे डाग, रंगाचा ब्रश झटकल्यासारखे. हे डाग प्रत्येक मादीचे वेगळे, त्यावरून ओळख पटवता येते म्हणे. ती डाव्या पायात बोंड धरून चोचीने फिरवत एकेक बी काढत होती. हा पक्षी बहुतेक डावखुराच असतो. बी तीळभर, मेहनत डोंगराएवढी. दिवसाचा बराचसा वेळ यातच जातो.

मी धडाधड क्लिक केलं आणि स्क्रीन पाहून कपाळावर हात मारला. पन्नास फोटो, पन्नास काळे ठिपके. मागे लख्ख आकाश, पुढे काळाकुट्ट पक्षी, कॅमेरा आकाशालाच भुलला. पांढऱ्या शालूतल्या नवरीसाठी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा प्रकाश, खाली आणायची सवय, इथे उलटं, दोन स्टॉप वर, म्हणजे चौपट प्रकाश. आकाश जळून पांढरं झालं, पण काळ्या पिसांत तपकिरी झाक उमटली, शेपटीतला लाल पट्टा दिसला. पक्ष्यांना आमची पर्वा नव्हती. बोंडांचे तुकडे माझ्या टोपीवर पडत राहिले.

फलकवाल्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं, "छान! फक्त मागचं आकाश निळं करता येईल का?"

लग्नाच्या अल्बमांत मी कितीतरी आकाशं निळी केली आहेत. या वेळी म्हटलं, नाही.