मोल आणि भाव: लाफ्रेनिएरचं काय करायचं (कीपर लीग, सहावा मोसम)

१४ जून २०२५

परवा न्यूयॉर्क रेंजर्सचा क्रायडर ॲनाहाइमला गेला आणि दुसऱ्या मिनिटाला मेव्हण्याचा मेसेज: "दाजी, आता तरी सोडा त्याला."

त्याला म्हणजे अलेक्सी लाफ्रेनिएरला. माझ्या नोंदी आधीपासून वाचणाऱ्यांना हे दुखणं माहीत आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमची फॅन्टसी आइस हॉकी लीग बाराजणांची, खऱ्या खेळाडूंचे आमचे कागदी संघ. बहुतेक टोरोंटोच्या आसपासचे, दोघे न्यू जर्सीत, एकटा पुण्यात बसून पहाटेचे सामने बघणारा. प्रत्येकाने दहा खेळाडू पुढच्या मोसमासाठी राखायचे, आणि एनएचएलमधल्या (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) खऱ्या कराराचा आकडाच आमच्या कॅपमध्येही (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) धरायचा. लाफ्रेनिएर माझ्याकडे २०२० पासून आहे. लॉकडाऊनमध्ये लीग सुरू झाली, नवख्यांच्या फेरीत पहिली चिठ्ठी माझी निघाली, आणि एनएचएल ड्राफ्टचा (संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडायचे, तो) पहिला तो माझा पहिला झाला. मागून एडिसनवाल्याचा (कट्टर रेंजर्सभक्त) ओरडा ऐकू आला होता. त्याने रागारागाने बायफिल्ड घेतला.

क्रायडरच्या जाण्याचा याच्याशी काय संबंध? पाच वर्षं मी एकच पालुपद लावलंय, की पोराला पॉवरप्ले (समोरचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतानाचा खेळ) मिळत नाही. रेंजर्सची पहिली पॉवरप्ले तुकडी म्हणजे पॅनॅरिन, झिबानेजाद, ट्रोचेक, क्रायडर आणि मागे फॉक्स. दोन मिनिटांतला बराचसा वेळ हेच बर्फावर असतात. दुसरी तुकडी म्हणजे दुसरी पंगत. मसालेभात संपलेला, जिलेबीचा चुरा उरलेला. क्रायडरने २०२१-२२ ला ५२ गोल मारले, त्यातले २६ पॉवरप्लेवर. ती गोलपुढची जागा आता मोकळी झाली, असं माझं म्हणणं.

मेव्हण्याचं म्हणणं, जागा मोकळी झालेलीच नाही. "जानेवारीत जे. टी. मिलरला कशाला आणला मग? बघायला?"

खरं सांगायचं तर यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी अंगठा पाठवला.

२७ जून

या आठवड्यात बाजाराने स्वतःच दर जाहीर केले. एकाच आठवड्यात दोन फॉरवर्ड विकले गेले, आणि दोघेही आमच्या वादाच्या कामाचे.

पहिला ॲनाहाइमचा झेग्रस. २०१९ च्या ड्राफ्टला नववा, लागोपाठ दोन मोसम ६१ आणि ६५ पॉइंट (गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलला दिलेले पास), मग दुखापती आणि उतार. गेल्या मोसमात ५७ सामन्यांत ३२. फिलाडेल्फियाने त्याच्यासाठी दिलं काय? पोलिंग नावाचा खेळाडू, ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीची एक निवड आणि चौथ्या फेरीची एक. बस्स. हॉकीच्या व्हिडिओ गेमच्या मुखपृष्ठावर चेहरा असलेला खेळाडू या भावात गेला.

दुसरा पेटर्का. बफेलोने युटाला दिला आणि बदल्यात केसेलरिंग (उजव्या हाताचा डिफेन्समन, या मालाची टंचाई सगळीकडेच) अधिक जॉश डोन घेतला. पेटर्काला लगेच पाच वर्षांचा करार, वर्षाला ७७ लाख डॉलर. गेल्या मोसमात ७७ सामन्यांत ६८ पॉइंट.

आता गंमत बघा. पेटर्का लाफ्रेनिएरच्याच ड्राफ्टमधला, २०२० चा. लाफ्रेनिएर पहिला, हा चौतिसावा. करार जवळजवळ सारखे: ७७ लाख आणि ७४.५ लाख. पॉइंट मात्र ६८ आणि ४५.

आणि आता कबुली. गेल्या नोव्हेंबरमध्ये मेव्हण्याने मला पेटर्का एकास एक देऊ केला होता. लाफ्रेनिएरने नुकताच, २५ ऑक्टोबरला, सात वर्षांचा करार केला होता आणि माझी मान ताठ होती. मी त्याला हसलो. नुसता हसलो नाही, हसण्याचा व्हॉइस मेसेज केला. तो त्याने जपून ठेवलाय. परवा बहिणीच्या डोहाळजेवणात सगळ्यांना ऐकवला.

१९ जुलै

मी खेळाडूंचं एक भावपत्रक ठेवतो, शंभरपैकी गुण देणारं. लाफ्रेनिएर त्यात दरवर्षी वरच्या वीसात असायचा, आणि मी दरवर्षी त्याकडे बोट दाखवून "बघा, माझं नाही, आकड्यांचं म्हणणं आहे" असं सांगायचो.

काल रात्री सूत्र उघडून बसलो. 'ड्राफ्ट क्रमांक' नावाचा एक रकाना आहे, त्याला मी २०२० मध्ये पंधरा गुण दिले होते. तेव्हा ते बरोबरच होतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराबद्दल दुसरं असतं काय हातात? रिमुस्कीकडून ज्युनियरमध्ये ५२ सामन्यांत ११२ पॉइंट, आणि स्काऊट लोकांचं मत. पण तो रकाना वयाबरोबर कमी व्हायला हवा होता, तो कधी झालाच नाही. म्हणजे पाच मोसम खेळून झाल्यावरही माझं पत्रक त्याला दहावीच्या मार्कांवर नोकरी देत होतं.

रकाना पुसला. पोरगा एकोणीसावरून त्रेपन्नावर.

मग थेट आकडे मांडले. मोसमागणिक पॉइंट: ५६ सामन्यांत २१, ७९ त ३१, ८१ त ३९, ८२ त ५७, ८२ त ४५. एकूण ३८० सामने, १९३ पॉइंट, म्हणजे सामन्यामागे अर्ध्याहून किंचित जास्त. त्याच ड्राफ्टमधला तिसरा स्टुट्झल गेल्या मोसमात ७९ वर होता, चौथा रेमंड ८० वर. तेरावा जार्व्हिस ७३ सामन्यांत ६७. ज्यांच्यापुढे याला ठेवलं त्यातले बरेच आता याच्या पुढे आहेत.

पण त्याच्या बाजूने एक गोष्ट मी आजवर कधीच मोजली नव्हती. पाच मोसमांत रेंजर्सचे ३८४ सामने झाले, त्यातले तो चार चुकलाय. फक्त चार! फॅन्टसीत दर आठवड्याला जागा भरणाऱ्या माणसालाच याची किंमत कळते. त्याला मी नवा रकाना दिला, सहा गुणांचा. पोरगा त्रेपन्नावरून एकेचाळिसावर.

खरा वाद आहे तो २०२३-२४ वर. २८ गोल, २९ असिस्ट, आणि प्लेऑफमध्ये १६ सामन्यांत ८ गोल. त्या वर्षी कोच लाव्हिओलेटने त्याला डाव्या विंगवरून उजवीकडे नेलं आणि पॅनॅरिन-ट्रोचेकच्या लाईनवर कायम ठेवलं. पॅनॅरिनने स्वतः १२० पॉइंट काढले. मेव्हण्याचा सिद्धांत असा, की हे पॅनॅरिनचं उसनं तेज. माझा असा, की पॅनॅरिनच्या शेजारी कोणालाही उभं केलं म्हणून २८ गोल होत नाहीत. मोकळी जागा हेरावी लागते, पक आला की दुसरा विचार न करता मारावा लागतो. फ्लोरिडाविरुद्ध तिसऱ्या सामन्यात बचावपटूला चकवून बॅकहँडने गोलकीपर बॉब्रोव्हस्कीच्या मागे टाकलेला गोल मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. लेक तळघरातल्या सोफ्यावरून उडी मारून खाली आली आणि माझा चहा गालिच्यावर. तिच्या पाठीवर लाफ्रेनिएरचा १३ नंबर. तो गोल उसना नव्हता.

तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. गेल्या मोसमातही शेजारी बराच काळ पॅनॅरिनच होता, पॉवरप्लेची तक्रारही तीच होती, आणि पॉइंट बारा कमी. कारण तेच असेल तर निकाल वेगळा कसा? संघच कोसळला म्हणावं, तर गुणतक्त्यात ११४ पॉइंटांवरून ८५ वर आला हे खरं आहे. पण कोसळणाऱ्या संघात साडेसात मिलियनवाल्याने कोसळणं थांबवायचं असतं.

तर आता माझ्या पत्रकात दोन रकाने आहेत. एक मोल, एक भाव. मोल म्हणजे तो माझ्या संघाला काय देईल. भाव म्हणजे त्याच्यासाठी दुसरा काय मोजेल. ड्राफ्ट क्रमांकाचे पंधरा गुण मोलातून काढले, भावात मात्र राहू दिले. कारण बाकीच्या अकराजणांनी आपापल्या पत्रकातून ते काढलेले नाहीत. देवगडचा शिक्का असला की पेटीतला आंबा कोणी दाबून बघत नाही.

९ ऑगस्ट

काही नाही. मेव्हणा भारतात, एडिसनवाला ट्रेकला. सहज म्हणून रेमंडसाठी विचारलं, पलीकडून फक्त हसण्याचा व्हॉइस मेसेज आला. प्रथा पडतेय.

७ सप्टेंबर

लेकीचा सराव, सकाळी साडेसहा. बाहेर घाम येतोय आणि आत रिंकमध्ये मी स्वेटर-टोपीत. मेव्हणा स्वतःच्या पोराला घेऊन आलेला. स्टीलच्या बाकावर दोन कॉफी, मध्ये त्याचा फोन, त्यावर त्याची मागणी: पेटर्काच्या बदल्यात लाफ्रेनिएर अधिक दुसऱ्या फेरीची निवड.

"नोव्हेंबरात एकास एक होतं," मी म्हटलं.

"नोव्हेंबरात तुम्ही हसला होता, दाजी."

"अरे, पण कॅप बघ ना. ७४.५ लाख आज ९५५ लाखांच्या कॅपमध्ये पावणेआठ टक्के होतात. २०२७-२८ ला कॅप ११३५ लाखांवर जातेय, तेव्हा साडेसहा. दरवर्षी स्वस्त होत जाणारा खेळाडू आहे हा."

"पेटर्का पण होणार की स्वस्त. कॅप काय फक्त तुमच्यासाठी वाढतेय?"

हे बरोबर होतं. वाढत्या कॅपचा मुद्दा लांबच्या करारवाल्या प्रत्येकाला लागू आहे, एकाला दुसऱ्यापेक्षा वर नेत नाही. फरक पडतो तो करार किती लांब यानेच: लाफ्रेनिएर २०३२ पर्यंत, पेटर्का २०३० पर्यंत. पण दोन जास्तीची वर्षं चांगली की वाईट हे तो ४५ वाला आहे की ५७ वाला यावर ठरतं, म्हणजे आम्ही पुन्हा जिथून निघालो तिथेच.

मग काक्कोचं उदाहरण त्याने काढलं. २०१९ चा दुसरा, रेंजर्सचाच. गेल्या डिसेंबरात सिॲटलला गेला; बदल्यात बोर्गन, तिसऱ्या फेरीची निवड आणि सहाव्या फेरीची. "शिक्क्याचा भाव एवढाच राहतो शेवटी." मी म्हटलं, काक्कोचा एकही ५७ चा मोसम नव्हता. तो म्हणाला, आणि सिॲटलला गेल्यावर तो सुधारला, म्हणजे दोष खेळाडूचा नसून न्यूयॉर्कचा असेल, मग तुमच्यावाल्याची सुटका कधी?

बर्फावर पोरांनी नेट उलटं केलं आणि प्रशिक्षकाची शिट्टी वाजली. विषय तिथेच थांबला. दुसऱ्या फेरीची निवड मी दिली नाही.

१८ सप्टेंबर

आज लॉस एंजेलिस किंग्जच्या कोपिटारने सांगितलं की हा मोसम शेवटचा. मी ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत डबा उघडून बसलो होतो, तो तसाच झाकला.

कारण बायफिल्ड. किंग्जमध्ये कोपिटारनंतरचा सेंटर कोण, याचं उत्तर बहुतेकांना तोंडपाठ आहे, फक्त आजपर्यंत त्याला तारीख नव्हती. बायफिल्ड २०२० चा दुसरा. वय २३, उंची सहा फूट पाच, आमच्याच वरच्या न्यूमार्केटचा. सुरुवात रडतखडत, २०२१ मध्ये मोसमाआधीच घोटा मोडला, पहिल्या तीन वर्षांत मिळून ९९ सामने. पण गेली दोन वर्षं ५५ आणि ५४ पॉइंट, ८० आणि ८१ सामन्यांत. आणि करार ६२.५ लाखांचा, म्हणजे माझ्या कॅपमध्ये १२ लाख मोकळे. माझ्या मोलाच्या रकान्यात तो तिसाव्या जागी.

भावाच्या रकान्यात लाफ्रेनिएर त्याच्या वर, निदान एका माणसासाठी, म्हणजे एडिसनवाल्यासाठी तरी. त्या माणसाला संध्याकाळी फोन लावला.

मी काही लपवलं नाही, हे नोंदीत यायलाच हवं. कोपिटारची बातमी त्याने वाचली होती. पॅनॅरिनच्या कराराचं हे शेवटचं वर्ष आहे हेही त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. मी नुसतं विचारलं, "बायफिल्ड देतोस? एकास एक."

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "पाच वर्षं वाट बघायला लावलीस रे."

त्याचं गणितही मूर्खपणाचं नाही. नवा कोच सलिव्हन, तो काहीतरी वेगळं करेल अशी त्याची आशा. पॅनॅरिन गेला तर पॉवरप्लेची पहिली पंगत याच्यासाठी मांडावीच लागेल, हा दुसरा मुद्दा. मी तेच पाच वर्षं म्हणत आलोय. माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मात्र ते मला पटेना. सौदा पावणेनऊला नोंदवला.

मेव्हण्याची प्रतिक्रिया: "पेटर्का नाही तो नाहीच घेतला शेवटी." वर एक हसण्याचा व्हॉइस मेसेज.

१५ ऑक्टोबर

रेंजर्सचे पहिले तीन घरचे सामने: पिट्सबर्गकडून ०-३, वॉशिंग्टनकडून ०-१, काल एडमंटनकडून ०-२. मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर अजून एक गोल नाही. बाहेर मात्र बफेलोत चार, पिट्सबर्गमध्ये सहा. काय म्हणायचं याला!

एडिसनवाल्याने काल रात्री साडेदहाला पाठवलं, "परत घेतोस?" पुढे हसरा चेहरा होता, पण उशिरा जोडलेला.

वीस सामने होईपर्यंत दोघांचे आकडे लावायचे नाहीत असा माझा नियम आहे, तो पाळतोय. तोवर एक काम बाकी आहे. लेकीला अजून सांगितलेलं नाही. काल तिने १३ नंबरची जर्सी धुवायला टाकली, शनिवारी सरावाला घालायची म्हणून. तिच्या मापाची बायफिल्डची ५५ नंबरची जर्सी कुठे स्वस्तात मिळत असेल तर कळवा, लहान मुलांचा मोठा साइज.