सगळ्या कॉलेजांचा एकच पोस्टिंग तक्ता : माझा अनुभव

गोव्यात नर्सिंगच्या मुली शिकतात वेगवेगळ्या कॉलेजांत, पण पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष सरावाला, लेबर रूम, आयसीयू म्हटलं की सगळ्यांची नजर बांबोळी, मडगाव आणि म्हापशाच्या सरकारी हॉस्पिटलांवर. दोन तुकड्या एकाच दिवशी एकाच वॉर्डात नकोत म्हणून सगळ्यांचं मिळून एकच मास्टर रोटेशन, म्हणजे कोणती तुकडी कधी कुठल्या वॉर्डात याचं वेळापत्रक, करायचं ठरलं आणि तक्ता माझ्याकडे आला.

गडबड आधी आकड्यांतच होते. तीन रुग्णांमागे एक विद्यार्थिनी धरली तर ३० खाटांना १० मुली बसतात. पण भरलेल्या खाटा १८च असतील तर काम सहाजणींपुरतंच, उरलेल्या चौघी ड्रेसिंग ट्रॉलीला टेकून उभ्या. म्हणून दोन आठवडे रोज सकाळी ९ वाजता भरलेल्या खाटा मोजून घेतल्या आणि सरासरीवर तुकड्या पाडल्या. मंजूर खाटांचा आकडा फायलीतच राहू दे!

लेबर रूमने जास्त छळलं. नॉर्मल बाळंतपण घड्याळ बघून होत नाही. नुसतं ८ ते २ पोस्टिंग लावलं की लॉगबुक, म्हणजे मुलींनी केलेल्या कामाची नोंदवही, कोरं राहतं. तिन्ही पाळ्या लावल्या, एका पाळीत एकाच कॉलेजची तुकडी. रात्रपाळीला सोबत टीचर आणि कॉलेजची गाडी हवीच, कदंबच्या सरकारी बसच्या भरवशावर राहता येत नाही.

हेपेटायटिस बीची लस पोस्टिंगच्या तोंडावर आठवून उपयोग नाही. डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी, त्यानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते बघणारी रक्ततपासणी, तो किमान १० (mIU/mL) हवा. म्हणजे आठ महिने आधीच सुरुवात. दुसऱ्या डोसची तारीख चुकली तर कोर्स पहिल्यापासून नको, राहिलेला डोस घेऊन पुढे जायचं.

चतुर्थीचा आठवडा तक्त्यात मोकळाच ठेवा.

पहिल्या बैठकीला फक्त प्राचार्य होते, ही आमची मोठी चूक. लॉगबुकवर सही करणारी वॉर्डची सिस्टर इन्चार्ज. तिलाच ठाऊक नसेल तर तक्ता भिंतीवरच लटकतो. दुसऱ्या बैठकीपासून त्या आल्या आणि पहिलंच म्हणाल्या, "मॅडम, सह्या त्याच दिवशी घ्या. महिन्याने गठ्ठा आणलात तर मी करणार नाही." तुकडीप्रमुख म्हणून पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगच्या मुली नेमल्या. त्या जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्या, वॉर्ड ओळखतात.

बदल गुरुवारी दुपारपर्यंत, तेही एकाच व्यक्तीकडे. व्हॉट्सॲपवर तीन वेगळे तक्ते फिरले तेव्हापासून प्रत्येक प्रतीवर तारीख टाकतो.