दहावीची सवय घेऊन अमेरिकेच्या नववीत येताना

मुंबईहून बदलीवर अमेरिकेत यायचं ठरलंय आणि मूल आठवी-नववीत आहे, अशा आईबाबांसाठी हे लिहितोय. इकडचं हायस्कूल नववी ते बारावी, चार वर्षांचं. आपल्याकडे दहावीच्या वर्षाअखेरच्या बोर्डाच्या परीक्षेवर सगळं ठरतं, म्हणून मुलं दिवाळीपर्यंत जरा सैल असतात आणि जानेवारीत कंबर कसतात. इकडे नववीतल्या पहिल्या आठवड्याचा गृहपाठसुद्धा मार्कांत धरतात, आणि नववीपासूनच्या विषयवार ग्रेड ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे चारही वर्षांच्या एकत्रित गुणपत्रकावर, चढून कॉलेजच्या अर्जाबरोबर जातात. शेवटच्या दोन महिन्यांत भरून काढू, हा हिशेब इकडे जमत नाही.

हुशार मुलं बहुतेक वेळा शून्यामुळे घसरतात. समजा, पाच गृहपाठांत ९०-९० मिळाले आणि सहावा दिलाच नाही. सरासरी आली ७५, म्हणजे ए वरून थेट सी. तोच सहावा अर्धामुर्धा करून दिला आणि ५० मिळाले, तर सरासरी ८३ राहते. म्हणून अपुरा असला तरी द्यायचाच. त्यातही एक गोची असते. गृहपाठ वहीत पूर्ण असतो, फोटो काढून पोर्टलवर, म्हणजे शाळेच्या वेबसाइटवर, चढवलेलाही असतो, फक्त 'सबमिट' दाबायचं राहून गेलेलं असतं. रात्री ११.५९ ला मुदत संपते आणि नावापुढे 'मिसिंग' येतं. रविवारी संध्याकाळी मुलासोबत अर्धा तास बसून सगळ्या विषयांची पानं उघडा, मिसिंग काय आहे ते बघा आणि येत्या आठवड्यातल्या चाचण्या एकाच कॅलेंडरवर लिहा. मुदतवाढ हवी असेल तर मुलानेच शिक्षकांना ईमेल करायचा, तोही मुदतीच्या आधी. नंतरची कारणं फारशी ऐकली जात नाहीत.

आठवड्याचे तास १६८. या वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. ९ धरली तर ६३ गेले. शाळेचे साधारण ३५. खेळाच्या संघात असेल तर रोजच्या सरावाचे १०, वर सामने आणि बसचा प्रवास. जेवणखाण, आंघोळ, जाणं-येणं यांत २० सहज जातात. उरतात चाळीसेक, आणि त्यांतच अभ्यास, मित्र, घरातली कामं. ताण वाढला की पहिली कात्री झोपेला लागते आणि दोन आठवड्यांत ग्रेड खाली येतात.

त्यामुळे समतोल खरा ठरतो विषय निवडताना. पुढच्या वर्षाचे विषय बहुतेक शाळांत हिवाळ्याच्या शेवटी निवडतात. एपी हे कॉलेजच्या पातळीचे विषय. त्यांच्या परीक्षा मे महिन्यात, गुण १ ते ५. ट्रॅक, टेनिस, बेसबॉल यांचा हंगामही तेव्हाच ऐन रंगात असतो. तीन एपी आणि वसंतातला खेळ एकत्र घेतला की एप्रिलमध्ये तारांबळ ठरलेली. विषय झेपत नसेल तर सत्राच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतच काउन्सेलरला, म्हणजे शाळेतल्या सल्लागाराला, भेटून बदला. उशिरा सोडला तर त्याची नोंद ट्रान्स्क्रिप्टवर राहू शकते.

गणिताचं आधीच बघा. इकडे अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २ असे वर्षावर्षाचे वेगळे विषय असतात. आपल्याकडे भाग १ (बीजगणित) आणि भाग २ (भूमिती) एकाच वर्षी शिकवतात. मार्कशीटवरून काउन्सेलरला ते कळत नाही आणि मूल खालच्या वर्गात बसतं. दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका इंग्रजीत करून सोबत आणा. लसीकरणाची नोंदही हातातल्या बॅगेत ठेवा.

खेळाबाबत: शरद ऋतूतल्या संघांची निवड ऑगस्टमध्ये, अनेकदा शाळा उघडण्यापूर्वीच होते आणि डॉक्टरने भरलेला तपासणीचा फॉर्म लागतो. उशिरा पोचणाऱ्यांनी क्रॉस कंट्रीची, म्हणजे मैदानांतून लांब पळण्याच्या शर्यतींची, चौकशी करावी. बऱ्याच शाळांत त्यात कुणाला वगळत नाहीत आणि पहिले मित्र तिथेच मिळतात. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत तर २००८ पासून क्रिकेटची लीग आहे, मुंबईतल्या शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डची स्वप्नं बघितलेल्यांना ही मोठीच सोय! बाकी, कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकच ऑनलाइन अर्ज, त्यात उपक्रमांसाठी १० जागा असतात म्हणून दहा क्लब जोडू नका. तिथे आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे विचारतात. एक खेळ किंवा कला आणि एक क्लब, तीन वर्षं टिकवून, हे आमच्या मते पुरेसं आहे.

मित्रांचा आग्रह मुख्यतः दोन प्रकारचा. पहिला, ‘गृहपाठाचा फोटो पाठव ना.’ आपल्याकडे जर्नल उतरवून घेणं कुणी फार मनावर घेत नाही. इकडे देणारा आणि घेणारा दोघंही अडकतात. ‘फोटो नको, फोनवर समजावतो’ हे उत्तर मैत्री राखतं. दुसरा, पार्टीत व्हेप (ई-सिगारेट) किंवा दारू. दोन्हींसाठी वय २१ लागतं. ‘उद्या सकाळी प्रॅक्टिस आहे’ एवढं बहुधा पुरतं. न पुरल्यास घरी ठरवलेलं एखादं अक्षर मेसेज करायचं. आईने लगेच फोन करून ‘आत्ता घरी ये, मी घ्यायला येते’ म्हणायचं आणि त्या रात्री काहीही विचारायचं नाही. भारतीय कुटुंबांतली ‘तुमच्या मुलीच्या किती एपी?’ ही चौकशीही दडपणच आहे, आणि ते मोठ्यांनीच थांबवायला हवं.

मुंबईतल्या मित्रांचा ग्रुप मात्र तुटू देऊ नका. फक्त न्यूयॉर्कला रात्रीचे साडेनऊ होतात तेव्हा उन्हाळ्यात मुंबईत सकाळचे सात, ग्रुप नुकता जागा होत असतो आणि इकडे झोप उडते. त्याऐवजी शनिवारी इकडे सकाळी दहाला बोलावं. तिकडे संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ, आणि बहुतेकांचे क्लास सुटलेले असतात.