जुनी स्कूटर घ्यावी का? तुम्ही विचारलंत म्हणून

नाशिकला कॉलेज रोडच्या सिग्नलला थांबलो की शेजारच्या गाडीवरचं कोणीतरी वळून बघतंच. पेट्रोल पंपावर तर हमखास. "काका, कितीचं मॉडेल?" शहाण्णवची चेतक, मी सांगतो. मग ठरलेला प्रश्न येतो, "मलाही एक जुनी स्कूटर मिळतेय, घेऊ का?" तेवढ्यात सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न वाजवायला लागतात आणि उत्तर अर्धवट राहतं. गेल्या महिन्यात सोसायटीतल्या दोघांनी आणि माझ्या भाच्यानेही तेच विचारलं. म्हणून आज बसून सगळं लिहितोय.

माझं उत्तर आहे, घ्या. पण आधी कागद बघा, मग गाडी, आणि भावाचं बोलणं सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. मीही केलं होतं.

2014 ची गोष्ट. पंचवटीत ओळखीतून ही चेतक बघायला गेलो. क्रीम रंग, सीट शाबूत, दुसऱ्या किकला सुरू झाली. वडिलांकडे अशीच होती, त्यामुळे तो आवाज कानावर पडला आणि माझं ठरलं. आठ हजार मोजून दिले. विकणाऱ्याने आरसी बुक दिलं, सह्या केलेले फॉर्म दिले, स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं. आरसी बुक मी नीट वाचलं ते रात्री घरी आल्यावर. नोंदणी 15 वर्षांची असते, ती 2011 मध्येच संपलेली होती. आणि नाव तिसऱ्याच माणसाचं होतं.

दोन दिवसांनी आरसीवरचा पत्ता शोधत गेलो. दार उघडलं, समोरच्या भिंतीवर त्या गृहस्थांचा फोटो होता, त्याला हार. दोन वर्षांपूर्वीच गेले होते ते. म्हणजे माझ्या हातातल्या फॉर्मवरची सही त्यांची असणं शक्यच नव्हतं. मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती. ते झालं की 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून आपल्या नावावर. एक मुलगा नाशिक रोडला, दुसरा सुरतेला. आठ महिने गाडी माझ्या कंपाउंडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. ज्याने विकली त्याने फोन उचलणं बंद केलं होतं. त्या घरातल्या आजींनी मात्र एकदाही टाळाटाळ केली नाही. सही करताना त्यांनी मला विचारलं, "स्टेपनीचं कव्हर आहे का हो अजून? मी शिवलं होतं." आहे म्हटलं. तपकिरी रेक्झिनचं, दुहेरी शिवणीचं. ते मी अजून बदललेलं नाही.

तेव्हापासून मी कोणालाही पहिल्यांदा एवढंच सांगतो की आरसीवर ज्याचं नाव आहे त्याला समोर बसवा. ओळखपत्र बघा. "मालक बाहेरगावी असतात, सह्या घेऊन ठेवल्यात" असं कानावर पडलं की चहा पिऊन निघा. आता परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी कधीपर्यंत आहे, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा, सगळं घरबसल्या कळतं. 15 वर्षं उलटून गेली असतील तर पुढची नोंदणी पाच पाच वर्षांची होते. त्यासाठी गाडी पेठ रोडच्या आरटीओत तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचं शुल्क दुचाकीला 300 रुपये होतं, ते 1 एप्रिल 2022 पासून 1,000 झालं. 20 वर्षांपुढच्या दुचाकीला 2025 पासून 2,000. शिवाय नवी नंबर प्लेट. हा सगळा खर्च किमतीत धरा आणि नूतनीकरण विकणाऱ्याकडून करून घेता आलं तर उत्तमच.

इंजिन नंबर आणि चेसिस नंबर स्वतः वाचा. जुन्या गाडीवर रंगाचे चार थर असतात, अक्षर लागत नाही. रॉकेलचा बोळा फिरवा, वर कागद धरून पेन्सिल घासा, आकडे उमटतात. एक आकडा जरी आरसीशी जुळला नाही तरी ती गाडी सोडा.

आता गाडी. चेतकसारख्या स्कूटरला वेगळी चौकट नसते, पत्र्याची बॉडी हीच चौकट. त्यामुळे गंज हा तिचा खरा आजार आहे. इंजिन दोन दिवसांत बांधून मिळतं, सडलेला पत्रा नाही. पाय ठेवायच्या जागेवरचं रबराचं मॅट उचला. विकणारा म्हणेल, चिकटवलंय. तरी उचला. खाली वाकून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. माझ्या गाडीत ब्रेकच्या पेडलजवळ तळहाताएवढा तुकडा असा बद्द वाजला होता. वरून रंग तुकतुकीत होता, मिस्त्रींनी बोट दाबलं तर पापडासारखा आत गेला.

नाशिकमध्ये आणखी एक बघावंच लागतं, पूर. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदेच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती बुडाली, भांडी बाजारात, सराफ बाजारात पाणी शिरलं. तेव्हा कितीतरी दुचाक्या पाण्यात होत्या. गाडी वरून धुता येते, पण हेडलाइटच्या मागे, बॅटरीच्या खाचेत, वायरींच्या गुंडाळीत गोदेचा बारीक गाळ बसतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. टॉर्च घेऊन जा.

गाडी थंड असताना सुरू करून बघायची. आधीच तापवून ठेवली असेल तर इंजिनला हात लावल्यावर कळतं. थंडीच्या दिवसांत सकाळी सातला गेलात तर उत्तम, नाशिकच्या थंडीत जी दोन-तीन किकमध्ये लागते ती बाराही महिने लागते. चेतकसारखी टू-स्ट्रोक गाडी, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात ती, थोडा धूर टाकणारच, लिटरभर पेट्रोलमागे 20 मिली ऑइल जळत असतं. पण ॲक्टिव्हासारख्या फोर-स्ट्रोकने तापल्यावरही निळसर धूर सोडला तर आतलं काम निघालंय असं समजा. मग दोघं बसून रामकुंडाकडून मालेगाव स्टँडचा चढ चढा. चढावर क्लच सरकतोय का, बेल्ट ओरडतोय का, सगळं कळतं. उतरताना ब्रेक. टायरवर चार आकडे असतात, 3218 म्हणजे 2018 सालचा 32 वा आठवडा. नक्षी नवीन दिसते आणि रबर दगड झालेलं असतं, म्हणून हे बघायचं.

ज्यांना रोज सातपूर नाहीतर अंबडच्या कारखान्यात पाळीवर वेळेत पोचायचंय आणि घरात दुसरी गाडी नाही, त्यांनी चेतक घेऊ नये. मी तिच्यावर जीव टाकतो तरी हेच सांगेन. त्यांनी दहा वर्षांच्या आतली गिअर नसलेली घ्यावी आणि पुढच्या चाकाचे बुश तेवढे बघावेत, आपल्या खड्ड्यांनी ते आधी जातात. कायनेटिक होंडा बघून मन हलतं, मलाही कळतं. 1984 साली बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली गाडी! पण पार्टसाठी भटकावं लागतं. चेतकचे पार्ट मिळतात, कमी झालेत ते हात. पॉइंटची, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या भागाची, फट डोळ्यांनी लावणारे आमचे मिस्त्री सत्तरीचे आहेत. त्यांचा मुलगा हे काम करत नाही. गाडी ठरवायच्या आधी तुमच्या घराजवळ असा कोणी आहे का ते शोधा, आणि जमलं तर त्यालाच सोबत न्या. त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी द्या.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची वायसरं त्याने लवकर खराब होतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून घेतल्या घेतल्या पाइप बदला आणि गाडी महिनाभर उभी ठेवू नका. मी पंधरा दिवसांतून एकदा तरी गंगापूर धरणापर्यंत जाऊन येतो.

माझ्या आठ हजारांच्या गाडीवर पहिल्या वर्षात आणखी तेरा हजार गेले. पत्रा, क्लच प्लेटा, टायर, वायरिंग, कागद. म्हणून विकणारा पंधरा हजार सांगत असेल तर मनात तीस धरा, आणि तीसला ती तुम्हाला हवी आहे का हे स्वतःला विचारा. हवी असेल तर आजच त्याला फोन करा. म्हणावं, आरसीचा फोटो आज रात्री पाठवा, उद्या सकाळी सातला येतो, आणि मी येईपर्यंत गाडीला किक मारू नका.