शुक्रवारचे पापलेट

माझी आजी शनिवारी रात्री झोपण्यापूर्वी माठावर पेला पालथा घालून ठेवी, आणि रविवारची मिस्सा (आम्हा कॅथलिकांची चर्चमधली उपासना) होऊन घरी परतेपर्यंत तो कोणी सुलटा करीत नसे. मध्यरात्रीनंतर पाण्याचा घोट घेतला तरी कम्युनियन, म्हणजे मिस्सात मिळणारा ख्रिस्तप्रसाद, चुकायचे, हा वसईतल्या तिच्या तरुणपणीचा नियम. १९५३ साली पोप पायस बारावे यांनी पाण्याने हा उपवास मोडत नाही असे ठरवले, १९५७ साली मध्यरात्रीच्या जागी कम्युनियनपूर्वीचे तीन तास आले, आणि १९६४ साली पोप पॉल सहावे यांनी ते एका तासावर आणले. आजीचा पेला मात्र शेवटपर्यंत पालथाच राहिला.

शुक्रवारच्या मांसवर्जनाचेही तसेच झाले. १९६६ साली पॉल सहावे यांनी त्याऐवजी प्रार्थना किंवा परोपकार नेमून देण्याची मुभा बिशपांच्या परिषदांना दिली. तपश्चर्या मनापासून व्हावी, हा त्यामागचा हेतू. पण आपण मुभा तेवढी उचलली आणि तिच्या बदल्यात काय करायचे ते सोयीस्करपणे विसरलो. इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनी १६ सप्टेंबर २०११ पासून मांसवर्जन पुन्हा लागू केले, ते मला म्हणूनच योग्य वाटते. सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी पाळायच्या गोष्टीला जे बळ असते, ते ज्याने त्याने आपल्या सवडीने निवडलेल्या व्रताला येत नाही. (वजन उतरवण्यासाठी सोळा तास उपाशी राहणाऱ्या आमच्याच मंडळींना कम्युनियनपूर्वीचा एक तास जड जातो, ते वेगळेच.)

अर्थात, नियमाच्या अक्षराला चिकटून राहणारा मीही काही सोवळा नाही. मासळी मांसात धरत नाहीत, त्यामुळे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी मी बाजारात पापलेटाची जोडी हाताळत उभा होतो. कोळीण म्हणाली, “आज तुमचा उपवास ना, मग मोठीच घ्या!” तेवढ्या पैशांत घरच्या सगळ्यांना पुरून उरेल इतकी कोंबडी आली असती. भुकेल्याला आपल्यातली भाकर देणे हाच देवाला आवडणारा उपवास, असे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५८व्या अध्यायात आहे. ते आठवले आणि हात मागे आला.

पापलेट ठेवून मी सुका जवळा घेतला आणि उरलेले पैसे चर्चमधल्या गरिबांच्या पेटीत टाकले. आता अडचण एवढीच, की कांदा घालून परतलेला जवळा मला पापलेटाहून जास्त आवडतो, आणि याला तपश्चर्या म्हणावे का, हे फादरांना विचारायचे अजून राहिले आहे.