हायड्रॉलिक स्टीअरिंगनंतरचा चाइन वॉक: प्ले सापडला, पण रॅममध्ये नव्हे

मागच्या नोंदीत माझ्या आऊटबोर्ड बोटीचे दोन केबलचे (ड्युअल केबल) स्टीअरिंग काढून तेलाच्या दाबाने चालणारे हायड्रॉलिक स्टीअरिंग बसवल्याचे लिहिले होते आणि त्यानंतर बोट पूर्वीपेक्षा लवकर डोलू लागल्याची तक्रारही केली होती. ते कोडे आता बहुतांशी सुटले आहे. ज्यांनी असेच अपग्रेड केले आहे किंवा करायच्या बेतात आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळी मोजमापे येथे देत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. केबल असताना ताशी ७२ मैलांच्या (सुमारे ११६ किमी) आसपास चाइन वॉक (वेगात बोट डाव्या-उजव्या अंगावर आलटूनपालटून डोलणे) सुरू होत असे आणि चाकावर हलके हात ठेवून तो आवरता येत असे. हायड्रॉलिक बसवल्यावर तोच डोल ६८ मैलांना सुरू झाला आणि आवरायला गेले की वाढू लागला. इंजिन तेच, अडीच लिटरचे दोनशे अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक व्ही-६. प्रॉप (प्रोपेलर) तोच, २६ इंच पिचचा (हिशेबाने एका फेऱ्यात २६ इंच पुढे नेणारा). जॅक प्लेटची (ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवर, इंजिन वर-खाली सरकवणाऱ्या पट्टीची) उंची आणि सेटबॅकही (इंजिन ट्रान्समपासून जितके मागे आहे ते अंतर) तेच. बदलले होते ते फक्त स्टीअरिंग. हायड्रॉलिक लावले की चाइन वॉक जातो, हे आपल्या मंडळींत जवळजवळ गृहीत धरले जाते, म्हणून हा अनुभव अधिकच त्रासदायक वाटला.

माझी बोट हायड्रोस्ट्रीमची आहे. हायड्रोस्ट्रीमचा हल (बोटीचे मुख्य शरीर) ज्यांनी चालवला आहे, त्यांना हॉवर्ड पिपकॉर्न यांनी येथे मिनेसोटात घडवलेल्या या बोटींचा स्वभाव ठाऊक आहे. वेग वाढला की व्ही-तळ पाण्याबाहेर येतो आणि बोट केवळ मागच्या अरुंद पॅडवर तोलली जाते. अशा वेळी उजवीकडे फिरणाऱ्या प्रॉपचा टॉर्क बोटीला डाव्या अंगावर झुकवतो. डावी बाजू पाण्याला टेकली की तेथे उचल निर्माण होते, बोट उजवीकडे ढकलली जाते आणि हा झोका स्वतःच स्वतःला पोसू लागतो. येथे स्टीअरिंगचे महत्त्व असे की, गिअरकेस (इंजिनचा पाण्याखालचा, प्रॉप धरणारा भाग) बोटीच्या गुरुत्वमध्याच्या बरीच खाली असल्याने तिच्यावर आडवा दाब आला की बोट वळण्याआधी कलते. म्हणजे चाकाने आपण प्रत्यक्षात रोल आवरत असतो. गिअरकेस आपल्या इच्छेविरुद्ध अर्धा-एक अंश जरी फिरली, तरी तिच्याकडून नको त्या क्षणी नको त्या बाजूला धक्का मिळतो.

सर्वांत आधी संशय हवेवर घेतला. नळ्यांत हवा राहिली असेल तर तेल दाबले जाण्याऐवजी हवाच दबते आणि रॅम (इंजिन वळवणारा तेलाचा सिलिंडर) स्प्रिंगसारखा वागतो. चाक एका टोकाला नेऊन जोराने दाबून धरले आणि हेल्मच्या (चाकामागील तेलपंपाच्या) तोंडातून तेलाची पातळी पाहिली. ती जागची हलली नाही, त्यामुळे ब्लीडिंग (नळ्यांतील हवा काढणे) नीट झाले आहे याची खात्री पटली. तेलाविषयी एक सूचना आवर्जून देतो. एमआयएल-एच-५६०६ दर्जाचेच हायड्रॉलिक तेल वापरावे आणि ब्रेक फ्लुइडला चुकूनही हात लावू नये, कारण त्याने सील खराब होतात. ज्या दुकानातून किट घेतले, त्यांनी पाठवलेल्या नळ्या जॅक प्लेट पूर्ण वर उचलल्यावर ताणल्या जातील इतक्या आखूड होत्या आणि त्या बदलून मिळायला फार वेळ गेला. १० इंच सेटबॅक असलेल्यांनी नळीची लांबी स्वतः मोजून कळवावी, दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नये.

त्यानंतर रॅमची बैठक तपासली. टिल्ट ट्यूबमधून (इंजिन ज्या आडव्या नळीवर उचलले जाते तिच्यातून) जाणारा आधारदांडा आणि त्याचा अ‍ॅडजस्टिंग नट यांच्यात ढिलाई राहिली, तर रॅम कितीही ताठ असला तरी सगळा रॅमच इकडेतिकडे सरकतो. नट घट्ट होता. ट्रान्समवर लाकडी हातोडीने ठोकून पाहिले, कुठेही बद्द आवाज आला नाही. जॅक प्लेटच्या सरकत्या भागांमधील नायलॉनच्या पट्ट्या किंचित झिजल्या होत्या, त्या बदलल्या. डोल तसाच राहिला.

यापुढे हाताने हलवून अंदाज बांधण्यात अर्थ नव्हता. पुण्यात शॉप फ्लोअरवर काम करताना लागलेली सवय उपयोगी पडली आणि डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मोजमापाचे साधन) बाहेर काढले. फायबर आणि अ‍ॅल्युमिनियमवर चुंबकी बैठक बसत नाही, म्हणून जिममधील वजनाची लोखंडी चकती गॅरेजच्या फरशीवर ठेवून तिच्यावर स्टँड उभा केला. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले आणि ट्रान्समखाली जॅक दिला, नाहीतर बोटच हलते आणि वाचन खोटे येते. एक गेज रॅमच्या दांड्याच्या टोकाला, दुसरे गिअरकेसच्या नाकाला आणि तिसरे स्केगच्या (गिअरकेसच्या तळाशी असलेल्या पंखाच्या) मागच्या कडेला लावले. स्टीअरिंग मधोमध ठेवून प्रॉप शाफ्टजवळ हाताने एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे सारखाच जोर दिला.

रॅमच्या टोकाचा काटा जेमतेम ०.२ मिमी हलला. स्टीअरिंग आर्म साधारण २०० मिमी असल्याने ही हालचाल ०.०६ अंशाहूनही कमी भरते, म्हणजे हायड्रॉलिक आपले काम चोख करत होते. स्केगजवळचा काटा मात्र फिरत राहिला. नाक आणि स्केगची मागची कड यांच्या वाचनात ९ मिमीचा फरक आला. दोन्ही जागांमधील अंतर ५०० मिमी आहे, म्हणजे रॅम जागचा हललेला नसताना गिअरकेस एक अंशाहून थोडी जास्त फिरत होती. तो काटा तसा फिरताना पाहून जो आनंद झाला, तो शब्दांत सांगणे अवघड आहे, कारण इतके दिवस ज्याचा केवळ संशय होता, ते आता मिलिमीटरमध्ये समोर दिसत होते.

हा प्ले (जोडातील ढिलेपणा) खालच्या माउंटमध्ये होता. आऊटबोर्डमध्ये स्टीअरिंग आर्म स्विव्हल शाफ्टला (इंजिन ज्या उभ्या दांड्यावर वळते त्याला) जोडलेला असतो, आणि मिडसेक्शन (इंजिनचा मधला भाग) त्या शाफ्टला वर आणि खाली रबरी माउंटनी धरलेले असते. केबल असो वा हायड्रॉलिक, आपण ताबा ठेवतो तो शाफ्टवर. शाफ्ट आणि गिअरकेस यांच्यामध्ये रबर असते, आणि ते कित्येक वर्षांच्या उन्हापाण्याने मऊ पडलेले असेल तर सगळी सुधारणा त्या रबरापाशी येऊन थांबते. खालचे माउंट उघडल्यावर एका बाजूचे रबर धातूच्या नळीपासून सुटलेले दिसले. नखाने दाबले की फट उघडत होती आणि सोडले की मिटत होती, त्यामुळे नुसत्या नजरेच्या तपासणीत ते कधीच सापडले नसते.

आता मुख्य प्रश्न असा की, माउंट आधीपासूनच खराब असतील, तर केबल असताना डोल कमी का होता? यावर बराच विचार केला आणि उत्तर फेऱ्यांच्या हिशेबात सापडले. माझ्या रॅममध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १३८ सीसी तेल लागते आणि हेल्म एका फेऱ्यात २८ सीसी तेल ढकलते, म्हणजे पूर्ण प्रवासाला जवळजवळ ५ फेरे पडतात. जुने केबलचे हेल्म हेच काम ३ फेऱ्यांत करत असे. इंजिन एकूण ६० अंश फिरते असे धरले, तर केबलच्या काळात चाकाच्या एका फेऱ्यात इंजिन २० अंश फिरे आणि आता ते १२ अंश फिरते. माउंटमधील तो एक अंशाचा प्ले ओलांडण्यासाठी पूर्वी चाक १८ अंश फिरवावे लागे, आता ३० अंश फिरवावे लागते. पॅडवर बोट तोलताना आपण चाकाला देतो ती दुरुस्ती इतकी मोठी नसतेच. परिणामी माझी बहुतेक दुरुस्ती गिअरकेसपर्यंत पोचतच नव्हती, आणि जी पोचत होती ती उशिरा पोचून पुढच्या झोक्याला हातभार लावत होती.

दुसरे कारण असे दिसते की केबलमधून प्रॉपची ओढ हाताला कळत असे, त्यामुळे गिअरकेस प्लेच्या कोणत्या बाजूला टेकली आहे हे नकळत उमगत असे. हायड्रॉलिक ती ओढ हातापर्यंत येऊ देत नाही आणि आरामासाठी ते उत्तमच आहे, पण एक माहिती हातून जाते. शिवाय हेल्ममधून तेल किंचित झिरपत असल्याने चाकाचे केंद्र हळूहळू सरकते, तेव्हा चाकाकडे पाहून इंजिन सरळ आहे की नाही हे ठरवता येत नाही. इंजिन वर उचलल्यावर ट्रिम टॅब (प्रॉपची ओढ तोलणारा छोटा पंख) पाण्याबाहेर येतो आणि ओढीची दिशा बदलते. ओढ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाताना ज्या वेगाला शून्यातून जाते, त्या वेगाला गिअरकेस प्लेमध्ये पूर्णपणे मोकळी असते. माझ्या बोटीत तो वेग ६८ मैलांच्या जवळपास असावा, असे माझे मत बनले आहे.

उपाय म्हणून खालच्या दोन्ही माउंटमध्ये रबराऐवजी डेलरिनचे (कठीण प्लास्टिकचे) घन बुश बसवले. भोसरीतील एका मित्राने ते लेथवर टर्न करून पाठवले. येथील तयार बुशांपेक्षा त्यांचा बोअर अधिक नेमका आहे आणि ते हाताच्या दाबाने, कुठेही न अडखळता बसले. वरची माउंट मुद्दाम रबरीच ठेवली, कारण चारही घन केली तर आयडलला सगळी कंपने ट्रान्सममध्ये उतरतात. पुन्हा गेज लावले तेव्हा ९ मिमीचा फरक २ मिमीवर आला होता.

मिनेटोंका तलावावर दिवसा ताशी ४० मैलांची मर्यादा असल्याने अशा चाचणीसाठी मी पेपिन तलावावर जातो. मिसिसिपी नदीच येथे रुंद होऊन हा तलाव झाला आहे आणि १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन यांनी वॉटर स्कीइंगची सुरुवात याच पाण्यावर केली, त्यामुळे तेथे बोट उतरवताना वेगळेच समाधान मिळते. सकाळी लवकर, हलक्या लाटांवर, टाकी अर्धी भरून आणि एकट्याने चाचणी घेतली. लाइफ जॅकेट आणि किल स्विचची दोरी (चालक जागेवरून फेकला गेला तर इंजिन बंद करणारी) हे तर गृहीतच आहे. २०२१ च्या एप्रिलपासून २६ फुटांखालील बोटींना अमेरिकेत त्या दोरीचा वापर बंधनकारक आहे, पण कायदा नसता तरी पॅडवरून घसरणाऱ्या बोटीत तिच्यावाचून बसणे मला मान्य नाही.

६८ ला बोट शांत होती. ७२ लाही शांत होती. ७५ ला (सुमारे १२१ किमी) पहिला हलका डोल आला, तोही चाकाला किंचित स्पर्श करताच विरला. दुसरा लाभ अपेक्षित नव्हता. ६२०० आरपीएमला पूर्वी जीपीएसवर ७२ मैल दिसत असत, आता ७५ दिसतात. १.८७ चा गिअर आणि २६ इंच पिच धरता विनास्लिप वेग ८१.६ मैल येतो, म्हणजे स्लिप (प्रॉप पाण्यात घसरल्याने हरवणारा वेग) जवळजवळ १२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आली. बोट डोलण्यात जी शक्ती घालवत होती, ती आता पुढे जाण्यात लागते आहे.

पुढचा टप्पा म्हणून दुसरा रॅम लावण्याचा विचार होता आणि ते या नोंदीत जाहीर करणार होतो. पण वरचा फेऱ्यांचा हिशेब लिहीत असतानाच लक्षात आले की तसाच दुसरा रॅम जोडला तर तेलाचे आकारमान दुप्पट होईल आणि सध्याच्या हेल्मला ५ ऐवजी १० फेरे लागतील. रॅममधला प्ले मुळातच नगण्य असताना फेरे दुप्पट करून घेण्यात काहीच शहाणपण नाही. तो पैसा आता ३९ सीसीच्या हेल्मकडे वळवतो. त्याने फेरे साडेतीनच्या आसपास येतील. चाक जड होईल हे खरे, पण केबलची सवय असलेल्या हातांना ते जाचणार नाही असे वाटते.

त्याआधी स्विव्हल शाफ्टचे खालचे बुश बदलायचे आहेत. उरलेल्या २ मिमीपैकी बराच वाटा त्यांचा असावा, कारण शाफ्टच्या तळाशी गेज लावले तेव्हा तेथेही काटा थोडा हललेला दिसला. चार पात्यांच्या प्रॉपची चाचणी मी तूर्त पुढे ढकलली आहे. तो बोटीला अधिक घट्ट धरून ठेवतो, हे अनेकांच्या अनुभवावरून मान्य आहे, पण प्ले शिल्लक असताना प्रॉप बदलला तर कशाने काय सुधारले हे कळणार नाही. इंजिनच्या मागे कॅमेरा लावून स्विव्हल ब्रॅकेट आणि मिडसेक्शन यांच्यातील फट सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगाने टिपण्याचीही कल्पना आहे. गॅरेजमध्ये हाताच्या जोराने मोजलेला प्ले आणि ७५ मैलांच्या वेगातील पाण्याच्या दाबाखालचा प्ले यांत किती अंतर आहे, ते त्यातून दिसेल.

ज्यांनी हायड्रॉलिक बसवल्यावरही डोल तसाच राहिला आहे, त्यांनी रॅमच्या टोकाचे, गिअरकेसच्या नाकाचे आणि स्केगचे अशी तिन्ही वाचने कळवावीत, आणि सोबत हेल्मचे सीसी व माउंटचे वय लिहावे. निरनिराळ्या बोटींची वाचने एकत्र आली, तर किती प्लेपर्यंत हल सहन करतो याचा काही आकडा आपल्याला ठरवता येईल.