दारावरचा कागद

मंगळवारी सकाळी लेकीला कपडे घालताना तिच्या पोटावर दोन लालसर ठिपके दिसले. जून महिना होता, आदल्या संध्याकाळी आम्ही बागेत उशिरापर्यंत रेंगाळलो होतो, त्यामुळे डास चावले असतील असं धरून मी तिला नेहमीसारखी किटात सोडली आणि ऑफिसला गेले. किटा म्हणजे इथलं, जर्मनीतलं, पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. संध्याकाळी आंघोळ घालताना पाहिलं तर पाठभर फोड उठलेले, पाण्याने टरारलेले. एक तर कानामागे, केसांच्या आत. कांजिण्या!

बुधवारी सकाळी सात वाजता किटाच्या मुख्य बाईंना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "पहिला ठिपका कधी दिसला?"

"काल संध्याकाळी" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. खरं सांगते, आले होते. मग म्हणाले, "काल सकाळी. मला वाटलं डास चावलेत." त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. गटातल्या एका मुलाची आई गरोदर आहे, मला तिला आत्ता लगेच फोन करायला हवा."

फोन ठेवल्यावर मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. गरोदर बाईला लहानपणी कांजिण्या झालेल्या नसतील आणि लसही घेतलेली नसेल, तर हा आजार तिला आणि पोटातल्या बाळाला धोक्याचा असतो. वेळेत कळलं तर डॉक्टर रक्त तपासतात, गरज पडली तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देतात. पण ते संपर्कानंतर पहिल्या काही दिवसांतच द्यावं लागतं. म्हणजे माझ्या एका खोट्या शब्दाने तिच्या दिवसांचा हिशेब अर्ध्या दिवसाने चुकला असता.

आम्ही पुण्याहून श्टुटगार्टला आलो तेव्हा किटाच्या प्रवेशाला कागदांची चळत सही करायला मिळाली होती. त्यातला एक संसर्ग संरक्षण कायद्याचा. हा कायदा 2001 पासून लागू आहे आणि त्याच्या 34व्या कलमात आजारांची यादी आहे: गोवर, गालगुंड, डांग्या खोकला, कांजिण्या, खरूज, अगदी डोक्यातल्या उवासुद्धा. यातलं काही झालं तर मूल किटात पाठवायचं नाही आणि पालकांनी विनाविलंब कळवायचं, हे दोन्ही कायद्याने बांधलेलं आहे. कळवणं म्हणजे चांगुलपणा नाही, कर्तव्य आहे. मी सही केली होती, पण वाचलं होतं ते वरवर.

लसींचं मात्र आधीच नीट झालं होतं, निदान मला तसं वाटत होतं. 1 मार्च 2020 पासून जर्मनीत गोवर संरक्षण कायदा आहे. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला गोवराचा एक आणि दोन वर्षं पूर्ण झालेल्याला दोन डोस झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय किटात घेत नाहीत. शाळेत मात्र शिक्षण सक्तीचं असल्याने मुलाला अडवत नाहीत, पण शाळा आरोग्य कार्यालयाला कळवते आणि पालकांना 2500 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. काही पालक याविरुद्ध कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयात गेले होते. 2022 मध्ये न्यायालयाने कायदा योग्य ठरवला. मला तो निर्णय पटतो. वर्षाच्या आतल्या बाळांना पूर्ण लस मिळालेली नसते, त्यांच्याभोवती मोठ्यांनीच भिंत व्हायला हवं. 2022च्या हिवाळ्यात गोवंडीत गोवराने मुलं दगावल्याच्या बातम्या इथे बसून वाचताना घास उतरत नव्हता.

तर लेकीचं पुण्याचं लसीकरणाचं कार्ड घेऊन आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो होतो. बाईंनी एकेका ओळीवर बोट ठेवत ते वाचलं आणि इथल्या लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तिकेत उतरवून काढलं. दंडावरची बीसीजीची खूण त्यांनी जरा वेळ पाहिली. जर्मनीत ही लस 1998 नंतर सरसकट देत नाहीत. आपल्याकडच्या गोवर-रुबेलाच्या डोसात गालगुंडाची लस नसते, म्हणून त्यांनी तिन्हींची एकत्र लस दिली. (रुबेलाला आपण जर्मन गोवर म्हणतो, हे त्यांना सांगितलं तर त्यांना नवलच वाटलं.) आणि विचारलं, कांजिण्यांची आजच देऊ का? इथे 2004 पासून ती सगळ्या मुलांसाठी सुचवलेली आहे, सक्तीची नाही. मी म्हटलं, एका दिवशी दोन सुया नकोत. या दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी, एकदम दिल्या नाहीत तर मध्ये चार आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. त्या चार आठवड्यांतच कांजिण्या आल्या. तो निर्णय माझा होता आणि तो मला अजून बोचतो.

त्या बुधवारी दुपारी कुणा ओळखीच्या आईने किटाच्या काचेच्या दाराचा फोटो पाठवला. पांढरा कागद, तारीख, आणि खाली: पिवळ्या गटात कांजिण्यांचा एक रुग्ण. पुढे लक्षणं, गरोदर महिलांसाठी सूचना. नाव कुठेच नाही. आमच्या मुलीचं नाही, आमचं नाही, आम्ही कुठून आलो तेही नाही.

वाईला आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग दाराला कडुनिंब लावलास का?" मी म्हटलं, इथे कुठला कडुनिंब. आणि मग एकदम आठवलं. आमच्या वाड्यात मला कांजिण्या आल्या तेव्हा आजीने चौकटीला कडुनिंबाची डहाळी खोचली होती. ती पाहिली की तान्ह्या बाळाची आई उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. कुणी काही विचारत नसे, आणि त्यात कुणाला कमीपणाही वाटत नसे. पुढे आपण फ्लॅटमध्ये गेलो, डहाळी गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही. आता आपल्याकडे अंगात ताप असलेलं मूल औषध पाजून शाळेत पाठवतात. त्या आईला मी दोष देणार नाही, तिला रजा कोण देतं? इथे 2024 पासून नोकरदार पालकाला आजारी मुलासाठी, प्रत्येक मुलामागे, वर्षाला 15 दिवस मिळतात आणि सरकारी आरोग्य विमा पगाराचा मोठा भाग देतो. ही रजा नसती तर 34वं कलम कागदावरच राहिलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुरुवारी आरोग्य कार्यालयातून फोन आला. सरकारी माणूस आजाराची चौकशी करतोय म्हटल्यावर छातीत धडधडलं. आम्ही पुण्याची माणसं, 1897च्या प्लेगमध्ये घराघरांत शिरलेल्या सोजिरांच्या गोष्टी ऐकत वाढलेली. फोनवरच्या बाईंनी मात्र शांतपणे ठिपक्याची तारीख, लसी, घरात कोण कोण आहे एवढंच विचारलं आणि शेवटी लेकीला खाज फार येते का, तेही विचारलं. ही माहिती पुढे नावाशिवाय साथींवर लक्ष ठेवणाऱ्या बर्लिनच्या रॉबर्ट कॉख संस्थेपर्यंत जाते. त्याच 1897 साली, ज्यांचं नाव या संस्थेला आहे ते जंतुशास्त्रज्ञ कॉख प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आले होते, हे मला नंतर कळलं.

शेवटच्या फोडावर खपली धरायला आठवडा लागला. परत गेलो त्या सकाळी ती गरोदर आई दारातच भेटली. लहानपणी तिला कांजिण्या येऊन गेल्या होत्या, रक्ततपासणीत ते दिसलं. ती लेकीसमोर खाली बसली आणि तिच्या कपाळावरच्या खुणेवरून अलगद बोट फिरवलं. मला तोंडाने नीट "सॉरी"ही म्हणता आलं नाही.

काल दारावर नवा कागद होता, उवांचा. संध्याकाळी बाल्कनीत उजेडात बसून, मांडीवर पांढरं फडकं टाकून लेकीचे केस बारीक फणीने विंचरले. मानेजवळ दोन लिखा सापडल्या. फणी तशीच ठेवली आणि आधी फोन उचलला.